बालाजीरावांच्या हातातला पट्टा

मी आयुष्यात कुणाचा सूड घेतला नव्हता. घ्यावासा पुष्कळदा वाटला, पण सूड घ्यायला आपली बाजू बरोबर असल्याची खात्री लागते, आणि ती मला सहसा नसते. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पुस्तक बुडवणाऱ्याला दोन शब्द सुनावावेत असं मनात आलं, की लगेच वाटायचं, आपलीच काही गफलत झाली असेल. बालाजीरावांच्या बाबतीत मात्र मला शंका नव्हती. त्यांनी माझी कुत्री नेली होती.

बालाजीराव हे माझ्या बायकोचे, कृष्णवेणीचे, धाकटे भाऊ. चेन्नईत गिंडीला त्यांचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. ही कुत्री, तुंगा, मुळात त्यांनीच दिली. ती कन्नी जातीची. तमिळमध्ये कन्नी म्हणजे कन्या. हे पिल्लू विकत नाहीत, नवरीबरोबर देतात, असं दक्षिणेकडच्या गावांत म्हणतात. म्हणून ती देताना बालाजीरावांनी आमच्या मैलापूरच्या घरात फुलपात्रातलं पाणी माझ्या तळहातावर सोडलं होतं आणि मोठ्याने हसत म्हटलं होतं, "घ्या भावोजी, कन्यादान झालं. आता ही तुमची."

या जातीवर लोक का जीव टाकतात ते मला तुंगाने शिकवलं. ती कुणाचं तोंड चाटत नाही, शेपूट आपटत नाही. जेवताना कुणी बघत असेल तर मान वळवून थांबते. आपण वर्तमानपत्र वर धरलं की मग घास घेते. पाहुणे आले की माझ्या पलीकडच्या बाजूला उभी राहते, जणू मी एखादा खांब आहे. फार प्रेम आलं तर कपाळ माझ्या गुडघ्याच्या मागे टेकवते आणि एक उसासा सोडते. बस, तेवढंच. पण पहाटे मरीनावर पट्टा सोडला, की तीच लाजरी मुलगी अशी धावते की वाळूलाही पत्ता लागत नाही. मला वाटायचं, माणसांत मी असाच आहे. फक्त मला ते धावणं जमलं नाही.

मागच्या पावसाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि जिन्याची चढउतार बंद झाली. "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे," बालाजीराव म्हणाले. मी बरा झालो. ते द्यायचं नाव काढीनात.

"माझ्याकडे बाग आहे, भावोजी. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर काय आहे? पुस्तकं! कुत्री काय वाचणार आहे?"

मी म्हणालो, "तेही खरंच." खरं नव्हतं, पण तोंडून तेच आलं.

भेटायला गेलो तेव्हा तुंगा त्या बागेत फाटकाजवळ साखळीला बांधलेली होती. आम्ही दोघांनी नेहमीप्रमाणे एकमेकांकडे पाहिलं नाही.

तरीही मी कदाचित गप्पच बसलो असतो. पण खालच्या मजल्यावर राहणारी ऋजुता एका संध्याकाळी फोन घेऊन वर आली. ती पुण्याची, इथे मोटारींच्या कंपनीत नोकरीला आहे.

"आजोबा, ही आपली तुंगा ना?"

व्हिडिओत बालाजीराव रेशमी शर्ट घालून बसले होते. शेजारी तुंगा, मान वळवून. ते सांगत होते, "कन्नीला बघत राहिलं तर ती जेवत नाही. वर्तमानपत्र वर धरावं लागतं. प्रेम आलं की गुडघ्यामागे कपाळ टेकवते." माझी वाक्यं, एकही शब्द न बदलता. आमच्याकडे जेवायला बसले असताना मीच ती त्यांना सांगितली होती. शेवटी म्हणाले, "आधी एका पुस्तकी म्हाताऱ्याकडे होती बिचारी. त्याला स्वतःचं धोतर सांभाळता येत नव्हतं, कुत्री कुठली! मी सोडवून आणली."

मी आयुष्यात धोतर नेसलेलो नाही.

"कन्नी म्हणे," ऋजुता रागाने म्हणाली. "आमच्याकडे कन्नी कापणं म्हणजे गुपचूप सटकणं. ही कापत का नाही कन्नी तिथून?"

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी रोज त्याला पाणी घालू लागलो. आंघोळ करताना, टी. नगरच्या बसमध्ये, देवळात प्रदक्षिणा घालताना मी बालाजीरावांची फजिती रंगवायचो. प्रत्येक वेळी ती वेगळी असायची आणि प्रत्येक वेळी भरपूर लोक बघत असायचे.

संधी त्यांनीच फोन करून दिली. देशी कुत्र्यांचं प्रदर्शन होतं आणि ते तुंगाला उतरवणार होते. "भावोजी, तुम्ही एवढं वाचता. पट्टा कुठला घालू? फोटो येणार आहेत."

कन्नीचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. साधा पट्टा असला, की ती दोन पावलं मागे सरकते आणि पट्टा कानांवरून निघून येतो. म्हणून कृष्णवेणीने तिच्यासाठी ओढला की आवळणारा रुंद कापडी पट्टा शिवला होता. बालाजीरावांना ते माहीत नव्हतं. त्यांनी तिला साखळीच्या फासात ठेवलं होतं.

"चामड्याचा घ्या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "पितळी फुलांचा. आणि सैल ठेवा, नाहीतर मानेचे केस दबलेले दिसतात."

"बेस! शेवटी पुस्तकं कामाला आली म्हणायची."

फोन ठेवला आणि शंका सुरू झाल्या. ती रस्त्यावर धावली तर? बसखाली आली तर? फोन उचलून खरं सांगावं असं कितीदा वाटलं. नाही सांगितलं. प्रदर्शनाचं मैदान आदल्या दिवशी जाऊन बघून आलो. चारी बाजूंनी उंच भिंत, एकच फाटक उघडं. त्या फाटकात मी उभा राहणार होतो. एवढ्यावर मी माझ्या मनाची समजूत घातली. ती पुरेशी होती असं मला आजही म्हणवत नाही.

कृष्णवेणीला वाटलं, मी भावाचं कौतुक बघायला निघालोय. "तिथे काय करूलात उन्हात? मांडवात या की," ती आमच्या तंजावरी मराठीत ओरडली. मी फाटकातच राहिलो.

बालाजीराव रिंगणात आले. पितळी फुलं उन्हात चमकत होती. मालकाने आपल्या कुत्र्याच्या जातीबद्दल चार शब्द बोलायचे होते. त्यांनी माईक ओढूनच घेतला. "कन्नी एकाच माणसाची होते," ते तमिळमध्ये गरजले. "जग इकडचं तिकडे झालं तरी ती आपला माणूस सोडत नाही!"

तेवढ्यात परीक्षक बाई तुंगाचे दात बघायला वाकल्या. तुंगा मागे सरकली. एक पाऊल, दुसरं. बालाजीराव अजून बोलतच होते आणि त्यांच्या हातात रिकामा पट्टा लोंबत होता.

मग ती धावली. सगळ्या मैदानाला एक वळसा, पोट जमिनीला लागेल की काय अशी. लोक खुर्च्यांवरून उठले, शिट्ट्या वाजल्या. दुसऱ्या वळशाला तिने फाटकात मला पाहिलं. मी सवयीने मान फिरवली. ती आली, माझ्या पलीकडच्या बाजूला गेली, आणि गुडघ्यामागे मला तिचं कपाळ लागलं. मग ती बसली.

बालाजीराव माईक हातात घेऊनच आले. "वा, तुंगा, वा!" तमिळमध्ये वा म्हणजे ये. पण तुंगाचे कान आमच्या घरात तयार झालेले. ती शांत बसली की मी मराठीत म्हणायचो, "वा, तुंगा, वा!" तिने आपली शाबासकी ऐकली आणि अधिकच नीट बसली.

"वा! वा! वा म्हणतो ना!"

तुंगाने पुढचे पाय जुळवले, छाती काढली. त्यांचा आवाज चढेल तसतशी ती ताठ होत गेली. कुणीतरी हसलं, मग सगळं मैदान हसलं. परीक्षक बाईंनी तमिळमध्ये विचारलं, "नक्की कुत्रं कुणाचं, सर?" तो प्रश्नही माईकवर गेला.

बालाजीरावांचा चेहरा लाल झाला होता. माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "भावोजी, तुम्ही बोलवा ना तिला. रिंगणात आणून द्या. चारचौघांत कशाला..."

मी "बरं" म्हणायचो. आयुष्यभर तेच म्हणत आलो. पण त्या दिवशी मी काहीच म्हणालो नाही. मी त्यांना तसंच उभं ठेवलं, उन्हात, पट्ट्यासकट, फोटो काढणाऱ्यांसमोर. मला ते फार आवडलं.

कृष्णवेणी धापा टाकत आली. आधी भावाकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. "बाळू," ती म्हणाली, "पाणी सोडून दिलेली मुलगी परत नेतात का रे? चला हो, रिक्षा बघा."

"अक्का, तू पण?"

"मी पण."

रिक्षात तुंगा आमच्या पायांशी थरथरत होती. कृष्णवेणीने पदराचं टोक तिच्या गळ्याभोवती गुंडाळून धरलं होतं. घरी आल्यावर म्हणाली, "गाडीखाली गेली असती तर मी तुम्हाला घरात घेतलं नसतं." मी म्हणालो, "मीही आलो नसतो."

संध्याकाळी बालाजीरावांचा फोन आला. कृष्णवेणीने तो माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली.

"भावोजी, खरं सांगा. तो पट्टा तुम्ही मुद्दाम सांगितलात?"

माझ्या जिभेवर नेहमीची उत्तरं तयार होती: छे हो, मला काय कळतंय, पुस्तकात असंच होतं. बालाजीराव त्यातलं कुठलंही उत्तर ऐकून घ्यायला तयार होते. आवाजावरून कळत होतं. त्यांना तेच हवं होतं. म्हणजे पुढच्या सणाला जेवायला येता आलं असतं, सगळं हसण्यावारी नेता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम."

मी फोन ठेवला नाही. ते काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. शेवटी फोन त्यांनीच ठेवला.