आढीतला लाकडी आंबा

मित्रांनो, मी एक लाकडी आंबा आहो. जुना झालो, पण पिकलो नाही. पिकणारही नाही, कारण मले रंगवलंच कच्चं.

माहा जन्म घाटंजीतला. उकंडाजी पायानं चालणाऱ्या खरादावर लाकडाची फळं करत. काळ्या कुड्याचं पांढरं लाकूड खरादावर गरगर फिरे अन त्यातून पेरू निघे, संत्रं निघे. आंब्याचं नाक तेवढं कानशीनं घासून काढा लागे. मंग त्याईची बायको चंदाबाई रंग दे. हिरवा, देठापाशी जरासा पिवळा. जुन्या टूथब्रशनं बारीक काळे ठिपके उडवे. चीक वघळल्याची एक काळपट रेघ ओढे. देठ मात्र खरा, झाडाखालून उचलून आणलेला.

लोक म्हणत, "चंदाबाई, मीठ-तिखट आणा बरं. कापूनच खातो हा." ती लाजे. मलेही लय भारी वाटे.

एका दुकानदारानं आमच्यासारखे डझनभर कच्चे आंबे सांगतले होते. तो न्यायले आलाच नाही. आमी फळीवर धूळ खात बसलो.

उकंडाजीले साखरेची बिमारी. खराद दाबता दाबता उजव्या तळव्यात लाकडाची चिपटी घुसली, त्याईले समजलंच नाही. पायाले काही लागलेलं कळेच ना. जखम झाली, भरेना. डॉक्टरनं सांगतलं, साखर खाली आणा, नाही तं पाय कापा लागन.

त्या दिवसापासून चंदाबाईच्या डोक्यात दुसरं काही नाही. बिनसाखरेचा चहा, ज्वारीची भाकर, कारल्याची भाजी. रोज जखम धुणं, रोज पट्टी.

अन तवाच अंगणातल्या झाडाचे आंबे उतरले. चाळीस. तिनं मागच्या खोलीत तणसात आढी घातली. आमच्या घरी आखजीले, म्हंजे अक्षय्य तृतीयेले, पितराईले रस दाखवल्याबिगर कोणी आंबा खात नाही. ती रोज आढी चाळे अन आंबे मोजे.

उकंडाजीचा आंब्यावर जीव. एका दुपारी चंदाबाई दळण आणाले गेलती. त्याईनं मले फळीवरून काढलं. देठ उपसला, गिरमिटानं भोक पाडलं, पोटात नाल्याची रेती भरली, देठ परत चिकटवला. खऱ्या आंब्याइतकं वजन झालं. मंग आढीतला एक पिकलेला आंबा उचलला अन त्याच्या जागेवर मले ठेवलं. तिथंच भिंतीकडे तोंड करून चोखला. म्हातारा माणूस, पण लहान लेकरासारखा हावरा. मी तणसातून पाहून राह्यलतो.

चंदाबाईनं येऊन मोजले तं चाळीस ते चाळीसच.

मंग दुसरा भाऊ आला माह्या बाजूले. मंग तिसरा.

चंदाबाई मले दाबून पाहे. "हा तं दगडच आहे अजून. काहून पिकून नाही राह्यले औंदा?"

"गर्मी कमी पडली," उकंडाजी म्हणे.

"तेचाळीस डिग्रीत मी पिकून राह्यली, अन आंब्याले गर्मी कमी?"

तिनं आमच्यावर अजून तणीस टाकलं, वरून गोणपाट टाकलं. मले लाज वाटली. ती कायची वाट पाहून राह्यली, हे मलेच ठाऊक होतं.

तिकडे साखर वाढतच होती. जखम काळी पडली. चंदाबाई सुनेले, मितालीले, म्हणे, "माह्याच हातानं काही चुकून राह्यलं वं." तिनं त्याईची भाकर अर्धी केली. उकंडाजी मान खाली घालून अर्धी भाकर खाय. सांगे मात्र काही नाही.

आखजीच्या सकाळी टोपलं भरलं. एकोणतीस पिवळे. अकरा टणक, हिरवे.

"आई, या कच्च्याचं पन्हं करू," मिताली म्हणे, अन तिनं मले चाकू लावला. चाकू अडकला. तिनं जोर केला. देठ उडाला अन ताटात रेती सांडली.

चंदाबाईनं मले उचललं. दारातल्या उजेडात नेलं. चिकाच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ही रेघ मी ओढली," ती म्हणे. "माहा रंग मलेच वयखू नाही आला."

उकंडाजी बाजेवरून बोलले, "इतका खरा रंगवतं तू, तं मी काय करू?" अन हसले. एकटेच हसले.

"तुमचा पाय होता हो तो," चंदाबाई म्हणे. बस, इतलंच.

यवतमाळच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. चंदाबाईनं डॉक्टरले सगळं सांगतलं. डॉक्टर म्हणे, "आजी, एखादी लहान फोड चालली असती कधीतरी. विचारायचं होतं ना." घरी येऊन हे तिनं मितालीले सांगतलं, तवा मी ऐकलं.

त्यानंतर तिनं कुंचला हाती नाही धरला. डब्यातले रंग वाळून फुटले. खरादावर कपडे वाळत असतात. मी चाकूची खाच घेऊन खिडकीत पडून आहो.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाले गोड मना असन, तं नुसती फळं मोजून ठेवू नका. त्याच्यापाशी बसा. काय खावंसं वाटते ते इचारा. त्याचे तळवे रोज पाहा, तो नाही म्हणला तरी पाहा. अन कोणी चोरून खाताना दिसलं, तं मोठा माणूस आहे म्हणून गप राहू नका. मी रोज सकाळी तिच्या हातात होतो, अन लाकूड होतो. तुमाले बोलता येते.