माझ्या पोटातला गुलाल

मी विमान बोलतोय. तळहाताएवढं, प्लास्टिकचं, पण लढाऊ विमान. माझ्या मनात राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय.

मला घडवलं अंतरानं. ती कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते. खोक्यातले सुटे भाग जोडून झाल्यावर तिनं मला रंगवायला घेतलं. आधी मातकट रंग, त्यावर हिरवे वेडेवाकडे पट्टे. दोन रंगांची कड जराशी विरली पाहिजे, नाहीतर वरून बघणाऱ्या शत्रूला तू रानात दिसशील, असं ती मला समजवायची. चुकलं की पुसायची, पुन्हा काढायची. पुण्याच्या प्रदर्शनात ती मला घेऊन पहिल्यांदाच भाग घेणार होती. शेवटी चमक घालवणारा लेप देऊन तिनं मला बैठकीतल्या कपाटावर वाळत ठेवलं.

त्याच दिवशी तिचे थोरले दीर विजयसिंह पतसंस्थेच्या निवडणुकीत निवडून आले. हलगी वाजवत माणसं थेट घरात शिरली. आमच्या कोल्हापुरात जिंकणं म्हणजे गुलाल, आणि तो एकट्याच्या कपाळावर थांबत नाही. विजयसिंहांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

“एवढं खपून असला मळकट रंग? विमान कसं उठून दिसाय पायजे की!”

“दादा, ओलं आहे ते! हात नका लावू!”

“असूदे की! गुलाल हाय, शेण न्हाय. लागू दे त्याला बी!”

आणि त्यांनी मूठभर गुलाल माझ्यावर उधळला. ओल्या लेपात तो रुतून बसला. उरलेला चाकांच्या खोबणीतून माझ्या पोकळ पोटात गेला. लपण्यासाठी रंगवलेला मी, गुलाबी झालो. सगळे हसले. अंतरा हसली नाही. ती पुण्याला गेलीच नाही. तिचे ब्रश डब्यात गेले आणि डबा माळ्यावर.

विजयसिंहांनी साधी माफीही मागितली नाही. उलट येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याला “आमच्या घरची कला” म्हणून मला दाखवत राहिले. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

यंदा पुन्हा निवडणूक लागली आणि विजयसिंह पडले. पांढराशुभ्र सदरा घालून ते कपाटालगतच्या खुर्चीत बसले आणि पंखा मोठा करायला सांगितला. मी याचीच वाट बघत होतो. वाऱ्यानं हललो, घसरलो आणि थेट त्यांच्या टकलावर आदळलो. पोटातला गुलाल भसकन सांडला. डोकं, मिशा, सदरा, सगळं गुलाबी.

तेवढ्यात सांत्वनाला आलेले शेजारचे आकाराम दारातच थबकले.

“आयला, गुलाल आपलाच की! मग पडला म्हणून कोण बोंबलतंय?”

विजयसिंह नुसत्या मिशा झटकत राहिले. अंतरा मात्र हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तो आवाज ऐकून पडताना मोडलेला माझा पंखही दुखायचा थांबला.

आज तिनं माळ्यावरचा डबा काढलाय. पंख चिकटवून झालाय, मातकट रंग चढतोय. बाई गं, मला हवं तसं रंगव. पुण्याला ने, कुठंही ने. फक्त पोटात थोडा गुलाल शिल्लक आहे, तेवढा झटकू नकोस. विजयसिंह पुढच्या वेळीही उभे राहणार आहेत.