पंखा वाढवा

अधिवेशन संपलं की पंधरा-वीस दिवसांनी सभागृहाच्या कामकाजाचं छापील इतिवृत्त टपालाने खासदारांच्या घरी यायचं. चांगलं जाडजूड, खाकी पाकिटात. खासदारांनी ते कधी उघडलं नाही. पाकीट दारातून थेट मागच्या खोलीत जायचं. तिथे प्रचाराचे जुने फलक, मोडक्या खुर्च्या आणि आत्या राहत असत.

आत्या म्हणजे खासदारांची धाकटी बहीण. पोरांची आत्या, म्हणून कार्यकर्त्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचीच आत्या. तिचं काम एवढंच की इतिवृत्तात भावाचं नाव शोधायचं, तेवढा मजकूर कात्रीने कापायचा आणि डिंकाने वहीत चिकटवायचा. ती इथे राहायला आली तेव्हा आधीच्या सहा वर्षांची पाकिटंही बंदच पडलेली होती. तीही तिनेच उघडली. खासदारकीला आता बारा वर्षं झाली होती आणि दोनशे पानी वहीची साडेतीन पानं भरली होती.

त्या साडेतीन पानांत काय होतं? शपथ घेतल्याची नोंद. दोन लेखी प्रश्न, दोन्ही स्वतःच्या खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल. मतदानाच्या याद्या, ज्यांत पक्षप्रमुखाचा हात जिकडे, तिकडे याचंही बोट. आणि बारा वर्षांत तोंडाने उच्चारलेलं एकच वाक्य. एका उन्हाळी दुपारी लघुलेखक नवखा असावा, त्याने ते नावासकट टिपून घेतलं होतं: "पंखा वाढवा." उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण वाचाळ माणसाला म्हणतो. या गृहस्थाने जीभ उचलण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

आत्याचा नवरा सायकली दुरुस्त करायचा आणि ती बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर दोघांच्या कष्टातून उभं राहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. तिसऱ्या आठवड्यात ती बाजारातून परत आली, तर दाराला नवं कुलूप. शेजारच्या पायरीवर बसलेला दीर म्हणाला, "आता तुझं इथे काय आहे?" तिचं शिलाई मशीन आतच राहिलं.

भाऊ गाडी घेऊन आला. "दोन दिवस चल, मग बघू," म्हणाला. त्या दोन दिवसांना सहा वर्षं झाली. पाहुणे आले की वहिनी गोड आवाजात म्हणायची, "आत्या, तुम्ही जरा आतच थांबा हं." लग्नकार्यात तिची शेवटची रांग ठरलेली. भाऊ सभागृहात मागच्या बाकावर बसायचा आणि बहीण घरादारात मागच्या बाकावर. फरक एवढाच की त्याच्या बाकाला गादी होती.

यंदाच्या पाकिटाची मात्र आत्या डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती. नवऱ्याच्या राहत्या घरातून विधवेला काढता येणार नाही, काढलं असेल तर परत घ्यावं लागेल, असं एक विधेयक सभागृहापुढे आलं होतं. ते झालं असतं तर तिचं दार तिला उघडून मिळणार होतं. दोन मिनिटांचं भाषण तिनेच भावाला लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरांत, कारण साहेब चारचौघांत चष्मा लावत नसत. कागदाची घडी कोटाच्या खिशात घालत तो म्हणाला होता, "बारा वर्षांत पहिल्यांदा उभा राहणार बघ, आणि तेही तुझ्यासाठी."

विधेयक पडलं, हे तिने बातम्यांत ऐकलं होतं. पण दादा बोलला असेल, एवढी आशा धरून ती बसली होती. तिने पान काढलं. अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं होतं. पुढे कंसात तीन शब्द होते: (सदस्य जागेवर नाहीत.) बाजूने मत देणाऱ्यांत तो नव्हता, विरोधात देणाऱ्यांतही नव्हता. हजेरीपटावर मात्र सकाळची सही होती. विधेयक नऊ मतांनी पडलं होतं.

दुपारी दादा जेवायला बसला तेव्हा ती इतिवृत्त हातात घेऊन समोर उभी राहिली.

"दादा, तुझं नाव पुकारलं होतं."

"हो का?" त्याने ताटातून मान वर केली नाही.

"कुठे होतास तू?"

"अगं, वरून निरोप आला. विरोधात मत दिलं तर बायका रुसतात, बाजूने दिलं तर घरोघरचे दीर-सासरे रुसतात. म्हणाले, तुम्ही सगळे चहाला जा."

"मग?"

"मग गेलो. मनाने मी तुझ्याच बाजूने होतो."

"मनाचं बटण नसतं ना रे तिथे."

"तुला नाही कळायचं राजकारण. आणि चहासुद्धा गार होता, सांगतो काय."

तेवढ्यात साहेबांचा पीए कार्यअहवालाचा छापखान्यातून आलेला कच्चा खर्डा घेऊन आत आला. निवडणूक तोंडावर होती. अहवालाचं नाव 'बारा वर्षे जनसेवेची'. पंख्याचं वाक्य त्याने असं सजवलं होतं: 'सभागृहातील आरोग्यदायी वातावरणाच्या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वेधले.' शेवटच्या पानावर होतं: 'विधवांच्या हक्काच्या विधेयकावेळी सभागृहात आवर्जून उपस्थित.'

"खोटं एक अक्षर नाही, आत्या," पीए म्हणाला. "सही आहे साहेबांची."

दादाने हात धुतले. "रविवारी महिलांचा मेळावा आहे, तिथे याचं प्रकाशन. तू व्यासपीठावर बसायचंस, पहिल्या रांगेत. भावाने सांभाळलं, अशी दोन वाक्यं बोल. आपल्या भागात तुझ्यासारख्या बायका बऱ्याच आहेत."

सहा वर्षं जिला दिवाणखान्यात येऊ दिलं नाही, तिला आता फुलदाणीसारखी पुढे मांडायची होती. लाज विकून खाल्लेल्या माणसाला हे बोलताना ठसकासुद्धा लागला नाही.

"येते," आत्या म्हणाली. मग खोलीत जाऊन तिने तीन शब्दांचं ते कात्रण कापलं आणि वहीत चिकटवलं.

रविवारी मेळाव्याचं सभागृह भरलं. पहिल्या रांगेत भागातली वजनदार पुरुषमंडळी, त्यांच्यामागे सवाष्णी आणि मागच्या तीन रांगांत विधवा. त्यांना कुणी तिथे बसवलं नव्हतं, त्या सवयीने बसल्या होत्या. ही सवय लावणारे तुम्ही-आम्हीच. साहेब चाळीस मिनिटं बोलले. तिकडे टाळ्याला चिकटलेली जीभ इथे कातरीसारखी चालत होती. शेवटी त्यांनी डोळ्यांना रुमाल लावून बहिणीला पुढे बोलावलं.

आत्याने पिशवीतून वही काढली.

"माझा भाऊ बारा वर्षं तुमच्या वतीने तिथे बसतो. तिथे तो काय बोलला, ते वाचून दाखवते."

वाचायला दीड मिनिट लागलं. पंख्यापाशी मागून कुणीतरी हसलं, मग सगळं सभागृह हसलं. विधेयकात काय होतं ते तिने सांगितलं आणि मग कंसातले तीन शब्द वाचले. तेव्हा कुणी हसलं नाही.

"कायदा नऊ मतांनी पडला," ती म्हणाली. "त्या वेळी चहाला गेलेले मी यादीवरून मोजले. तेवीस होते. भावाने मला सांभाळलं हेही खरं आहे. जुने फलक सांभाळतात तसं."

साहेब उठून माइकपाशी आले. कपाळ घामाने डबडबलं होतं. रुमाल काढायला खिशात हात घातला, तर हाताला घडी केलेला कागद आला. कोट तोच होता आणि घडीही तशीच होती, एकदाही न मोडलेली. आत्याने कागद ओळखला. तिचा आवाज मऊ झाला.

"वाच ना, दादा. आता तरी वाच."

त्याने घडी उघडली. अक्षरं मोठी होती, चष्म्याची गरज नव्हती. क्षणभर तिला वाटलं, वाचेल. शेवटी ती त्याच्या पाठीला पाठ लावून आलेली बहीण होती. त्याने समोर पाहिलं, पहिल्या रांगेतल्या दीर-सासऱ्यांच्या मंडळींकडे पाहिलं, कागद खिशात घातला आणि पीएला म्हणाला, "तो पंखा जरा वाढवा."

सभागृहात असा हशा पिकला की पीएसुद्धा तोंड लपवून हसला. आत्या हसली नाही. तिला त्याची किळस आली, आणि सहा वर्षं त्याच्या कात्रणांना डिंक लावत बसल्याबद्दल स्वतःचीही. वही तिने त्याच्यापुढे टेबलावर ठेवली, पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने शेवटच्या रांगेपाशी गेली.

"मला माझ्या दारापर्यंत सोबत हवी आहे," ती तिथल्या बायकांना म्हणाली.

"आत्ता?" एकीने विचारलं.

"आत्ता. सहा वर्षं 'मग बघू' चाललंय."

सात जणी उठल्या.

दीर पायरीवरच बसलेला होता. इतक्या बायका बघून तो उभा राहिला. "कोणत्या कायद्याने आलीस? तो तर पडला म्हणतात."

"कायदा पडला, भावजी," आत्या म्हणाली. "मी नाही पडले. कुलूप काढा."

कुलूप त्या दिवशी निघालं नाही. आठही जणी दारापुढे बसल्या आणि दुसऱ्या दिवशी अकरा जणी आल्या. आत मशीन आहे, बाहेर त्या आहेत, आणि शेजारपाजारची भली माणसं चहाला गेली आहेत. वाचकहो, तुमच्याही घराच्या मागच्या खोलीतून कुणीतरी तुमचं नाव पुकारत असेल. तुम्ही जागेवर आहात का, तेवढं बघा.