नीमुच्या श्वासाचं माप

पहिल्यांदा हळू.

बडोद्याहून आलेली नवी पिचकारी नीमुने फुंकायच्या मशीनला जोडली आणि दांडा सावकाश रेटला. पिचकारीत बरोब्बर तीन लिटर हवा. पडद्यावर आलं: ३.६.

दुसऱ्यांदा मध्यम. ३.६.

तिसऱ्यांदा संतापून. ३.६.

"पक्कं मशीन!" अंजारिया डॉक्टर गाठिया चावत म्हणाले. "तिन्ही वेळा तोच आकडा."

"तिन्ही वेळा तीच थाप, साहेब."

थांबा. आधी हे सांगायला हवं.

खंभातच्या या गल्लीत घरोघरी चाकावर अकीकाचे दगड घासतात. धूळ छातीत बसते. फुप्फुसं गेल्याचा दाखला मिळाला तरच सरकारी मदत, आणि या मशीनवर आकडा कमी आला तरच दाखला. मशीन तपासायच्या जुन्या पिचकारीचं रबर फाटलं, तेव्हा साहेबांनी तोड काढली: दर सोमवारी मशीन चालवणाऱ्या नीमुनेच फुंकायचं. गल्लीत धडधाकट ती एकटी. तिचा आकडा ३.२ आला की मशीन बरोबर. कमी आला की मशीन सुस्तावलं म्हणायचं आणि आतला गुणक चढवायचा, ३.२ दिसेपर्यंत.

"नीमुबेन म्हणजे आपलं अस्सल माप," साहेब हसायचे.

मशीन कधी सुस्तावलंच नव्हतं.

तिच्या ओसरीवर सासऱ्यांचं चाक दिवसभर फिरतं. ती धूळ तिच्याही छातीत जात असेल का, हे कोणी विचारलं नाही. तिच्याही डोक्यात आलं नाही. ती फुंकत राहिली, आणि तिची छाती जेवढी आटली तेवढे सगळ्यांचे आकडे फुगले. ज्यांना मदत मिळायची, ते धडधाकट ठरून घरी गेले.

नीमुने पडद्यावर ३.० येईपर्यंत गुणक उतरवला. मग दार उघडून, आधी फुंकून बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली. "रायसिंगकाका, आत या."

"परत फुंकू? मी काय वरातीतला बाजेवाला आहे, दीकरी?"

"शेवटचं, काका. जोर लावा… अजून… अजून…"

काका फुंकता फुंकता टेबलावर ओणवे झाले. आकडा बघून साहेबांनी हातातला गाठिया खाली ठेवला.

"यांना दाखला देऊ," ते हळूच म्हणाले. "पण आधीच्यांचं नाव काढू नकोस. आपली दोघांची अब्रू जाईल."

"जाऊ दे. माझी छाती गेली, तुमची अब्रू कसली घेऊन बसलात?"

"नीमु, आवाज खाली!"

"आवाजापुरता श्वास आहे अजून!"

तिने मशीन उचललं, पिचकारी काखेत मारली आणि ओट्यावर आली. साहेब मागून वायर धरून ओढत होते. तिने हिसका दिला. वायर त्यांच्याच हातात राहिली, मशीन बॅटरीवर चालूच राहिलं.

"ऐका!" ती ओरडली. "मशीन खोटं होतं! ज्यांना बरे म्हणून परत पाठवलं, सगळे या! आज सगळ्यांनी परत फुंकायचं!"

चाकं थांबली. माणसं भिंतीला धरून, खोकत, शिव्या घालत येऊ लागली. कोणी साहेबांना, कोणी तिला. तिने एकही शिवी परतवली नाही.

सगळ्यांत पुढे सकरबेन होती. ती अकीक घासत नव्हती. तिचा नवरा घासायचा. तिने नळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"माझ्या माणसाला हीच दिली होतीस ना? जोर लावा, अजून, अजून म्हणालीस. मग म्हणालीस, काही झालेलं नाही, कामाला जा." तिने नळी नीमुच्या छातीशी टेकवली. "तो गेला कामाला, आणि चाकावरच गेला. आता त्याच्या वाटची तूच फुंक."