खाटेवर आणलेला शब्दकोश

सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन महिने खाटेवरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी घेतलेलं एका पुस्तकाचं भाषांतर अर्ध्यावर आलं होतं. मांडीवर फळी ठेवून लिहिता आलं असतं, पण शब्दकोश होता पलीकडच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरात. वीस वर्षांपूर्वी विकत घेतलेली सीडी. ती काढणारी कंपनीही केव्हाच बुडालेली.

"पुस्तक परत पाठवून दे," ते भिंतीकडे बघत सुनेला म्हणाले. "आता आपलं काम खायचं आणि पडून राहायचं."

ती म्हणाली, "आठ दिवस थांबा, बाबा. कोश मोबाइलवर आणते."

बोलून तर बसली. ऑफिस, स्वयंपाक, त्यांना भांडं देणं, कूस बदलणं, यातून उरेल तो वेळ कॉम्प्युटरपुढे. कोशातले शब्द उपसून काढणारा प्रोग्राम दर शे-दोनशे शब्दांनी अडून बसे. बटण दाबलं की पुढे सरके.

"हट्टी बैल परवडला," नवरा म्हणाला. "त्याला पिरगाळायला शेपटी तरी असते."

"जीभ चालवण्यापेक्षा बटण दाब."

रविवारी दुपारी कोश एकदाचा मोबाइलवर उघडला. सासऱ्यांनी बोटाने एक शब्द लिहिला. अर्थ आला, उदाहरणं आली. ते आणखी खाली शोधत राहिले.

"माझी टिपणं कुठायत गं?"

वीस वर्षांत शब्दाशब्दाखाली लिहिलेली अकराशे टिपणं. ती प्रोग्रामने उचललीच नव्हती. 'येतील उद्या' असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तिने ते गिळलं.

"नाही आली, बाबा. एकेक हाताने उतरवावं लागेल. आणि खरं सांगू? माझ्यात आता त्राण नाही."

त्यांनी मोबाइल उशाशी ठेवला. मग म्हणाले, "दार उघडं ठेव. तिथून मोठ्याने वाच. लागतील तेवढीच घेऊ."

ती पुन्हा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत जाऊन टेकली. पहिलं टिपण वाचलं.

"टाकून दे!" पलीकडून आवाज आला.

दुसरं.

"हे मी लिहिलं? भलताच शहाणा होतो. टाक!"

पहिल्या चाळिसांतली तीनच त्यांनी ठेवली. एकेचाळिसाव्याला पलीकडे नुसती शांतता. डोळे मिटून ती वाट बघत राहिली.

"ठेव," ते शेवटी म्हणाले. "आणि तू पड जरा. जाताना ते पुस्तक आणि पेन तेवढं इकडे दे."