श्रीचं पान

मित्रांनो, मळक्या हातानं मला शिवू नका, असं मी कधी कुणाला म्हटलं नाही. माझा सगळा संसारच मळक्या हातांचा होता. मी एक जुना टॅब आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, भट्टीपासून वीस पावलांवरच्या लोखंडी खांबाला मी चार वर्षं टांगलेला होतो. आता स्टोअरच्या कपाटात, फाटक्या हातमोज्यांच्या ढिगाशेजारी माझी जागा आहे. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे आणि त्या तड्यात खंडेनवमीचं कुंकू अडकून बसलं आहे. महिन्यातून एकदा एक माणूस येतो आणि मला चार्जिंगला लावून जातो. त्या माणसाबद्दल पुढं सांगतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते राजारामपुरीतलं दुकान आणि मला उलटसुलट करून बघणारे बाळासो. हे फाउंड्रीचे मालक. त्यांच्याकडं तोवर कागदी रजिस्टर होतं. सकाळच्या शिफ्टनं जाताना त्यात लिहायचं आणि दुपारच्या शिफ्टनं येताना ते वाचायचं, अशी तिथली रीत. पण लोखंडाच्या धुळीनं पानं काळी पडायची आणि एकदा तर ठिणगी पडून अर्धं रजिस्टर जळून गेलं. म्हणून मला आणलं.

माझ्यात नोंदी लिहायचं एक ॲप होतं. ते अगदी कोरं होतं. कुठली नोंद कुठं ठेवायची, चालू केल्यावर आधी काय दिसावं, बाजूला कशाची यादी असावी, हे सगळं मांडणाऱ्यानं ठरवायचं. मांडणारे होते पृथ्वीराजसाहेब. नुकतेच इंजिनिअर झालेले, हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी मला मांडीवर घेतलं तेव्हा शेजारी आकाराममिस्त्री उभे होते.

आकाराममिस्त्री गडमुडशिंगीचे. तीस वर्षं भट्टीपुढं उभं राहिलेला माणूस. त्यांच्या बोटांची कातडी भाजून भाजून इतकी निबर झाली होती की माझ्या काचेला ती बोटं कळायचीच नाहीत. ते दाबायचे आणि मी ढिम्म. पहिल्या दिवशी सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी करंगळी लावून पाहिली आणि ती मला कळली. तेव्हापासून हा एवढा दांडगा गडी माझ्यावर करंगळीनं लिहायचा. मला त्या करंगळीचा फार लळा लागला.

मिस्त्रींनी साहेबांकडं दोन गोष्टी मागितल्या. रजिस्टर उघडलं की शेवटचं लिहिलेलं पान समोर येतं, तसं यातही आलं पाहिजे, ही पहिली. साहेबांनी ते लगेच करून दिलं. दुसरी मागणी त्यांनी जरा दबक्या आवाजात केली.

"सायेब, पयलं पान श्रीचं. ते कोरंच ऱ्हाऊ दे."

तुमच्याही घरी नवी वही आणली की पहिल्या पानावर श्री लिहून ते सोडून देत असतील. तसंच ते. साहेब गालात हसले, पण त्यांनी एक नवी नोंद उघडली, तिला 'श्री' असं नाव दिलं आणि ती यादीत सगळ्यांच्या वर पक्की बसवली. आत एक अक्षर नाही. मिस्त्रींनी सगळ्यांना बजावलं की या ओळीला मळका हात लावायचा नाही, लांबूनच नमस्कार करायचा. आणि खरंच, चार वर्षांत कुणाचं बोट तिथं गेलं नाही. शिफ्टला आलेला माणूस आधी हात जोडायचा आणि मग त्या ओळीच्या खालून वाचायला लागायचा. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. देवाचं पान अंगावर वागवणारा मी, थोडा फुशारलोही होतो.

पहिली तीन वर्षं सुखाची गेली. मला चालू केलं की शेवटची नोंद समोर यायची. यादीत प्रत्येक नावाखाली त्या नोंदीच्या पहिल्या दोन ओळी बारीक अक्षरात दिसायच्या, त्यामुळं उघडल्याशिवायच अर्धं काम व्हायचं. दुपारच्या शिफ्टचे केरबा तर मला वाचल्याशिवाय हातमोजे चढवत नसत. केरबा म्हणजे लॅडल धरणारा माणूस. भट्टीतला लोखंडाचा रस ज्या मोठ्या बादलीत घेतात आणि साच्यात ओततात, ती लॅडल. तिच्यात आतून मातीचा जाड लेप देतात. लेप नवा दिला की तो बर्नर लावून पार कोरडा करावा लागतो. ओल्या लेपावर रस पडला तर पाण्याची वाफ होते आणि ती वाफ रसाला उचलून बाहेर फेकते. म्हणून कुठली लॅडल ओली आणि कुठली सुकी, ही माझ्यावरची सगळ्यांत महत्त्वाची नोंद असायची. शिवाय मिस्त्री ओल्या लॅडलवर खडूनं फुली मारायचे.

मग मोठं गिऱ्हाईक यायचं ठरलं. त्यांची माणसं कारखाना तपासणार होती. साहेबांनी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून माझी मांडणी नव्यानं केली. मित्रांनो, मी त्यांना दोष देऊन मोकळा होणार नाही. त्यांनी ते फार जीव लावून केलं. चालू केल्यावर आता रंगीत चौकोन दिसू लागले. हिरवा साच्यांचा, निळा मालाचा, लाल दुरुस्तीचा. लालमध्ये गेलं की विभाग, विभागात भट्टी, भट्टीत लॅडल, लॅडलमध्ये महिना आणि महिन्यात तारीख. नावांखालच्या दोन ओळी त्यांनी काढून टाकल्या, कारण त्या ओळींमुळं यादी गबाळी दिसत होती. खडूच्या फुल्याही बंद झाल्या. सगळं टॅबवर हवं, लॅडलवर चितारलेलं पाहुण्यांना चालणार नाही, असं ठरलं. 'श्री'ची रिकामी ओळही ते काढणार होते, पण मिस्त्रींचा मान म्हणून त्यांनी ती चौकोनांच्या वर तशीच राहू दिली.

पाहुणे आले आणि त्यांनी माझं तोंडभर कौतुक केलं. बाळासोंनी माझ्याबरोबर फोटो काढला. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडं येणारे हात कमी झाले. भट्टीपुढं घामेजलेल्या माणसानं सहा दारं उघडायची कशी? मिस्त्रींची करंगळी कधी निळ्यात शिरायची, कधी मागच्या महिन्यात. त्यांनी एकदा साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले की आठ दिवसांत सवय होईल. मग मिस्त्री शिफ्ट बदलताना थांबून केरबांना सगळं तोंडी सांगू लागले. केरबा मात्र ऐकून घेतल्यावरही माझ्याकडं यायचे आणि चिकाटीनं सहाही दारं उघडून बघायचे.

तो बुधवार होता. दुपारी बाराच्या सुमारास मिस्त्रींनी तीन नंबरच्या लॅडलला नवा लेप दिला. बर्नरचा गॅस संपला होता, म्हणून सुकवायचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. अडीचला गेटवरून निरोप आला की त्यांच्या मुलीला, संयोगिताला, बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं आहे आणि तब्येत नाजूक आहे. शिफ्ट सुटायला अर्धा तास होता. केरबा अजून आले नव्हते. पृथ्वीराजसाहेब बाहेर मीटिंगला गेले होते. मिस्त्री तसेच माझ्याकडं आले.

त्यांनी लाल चौकोन उघडला, आत गेले, भलतीकडंच पोचले. मागं आले, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी मी त्यांना मागच्या वर्षीच्या साच्यांवर नेऊन सोडलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला आवाज कुठला? मग त्यांची नजर सगळ्यांत वरच्या ओळीवर गेली. ही ओळ सगळ्यांना दिसते. हिच्यावर लिहिलं तर कुणाच्या नजरेतून सुटणार नाही. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, करंगळी शर्टाला पुसली, हात जोडले आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते पान उघडून लिहिलं.

'तीन नंबर लॅडल ओली आहे. तिच्यात रस घेऊ नये. आकाराम.'

मग त्यांनी पान मिटलं. यादीत पुन्हा नुसतं 'श्री' दिसू लागलं. खालच्या दोन ओळी दिसायची सोय आता नव्हती. मिस्त्रींच्या मात्र डोळ्यांपुढं अजून जुनीच मांडणी होती. त्यांना वाटलं, आता काळजी मिटली. शेजारच्या कुणाला सांगायचंही त्यांच्या मनात आलं नाही. ते धावतच गेटकडं गेले.

तीनला केरबा आले. त्यांनी हात जोडले. त्यांच्या बोटानं नेहमीसारखी वरची ओळ सोडली. चारच्या सुमारास एक नंबरच्या लॅडलला तडा दिसला आणि तीन नंबरची ओढायचं ठरलं. केरबा तेव्हाही माझ्याकडं परत आले. लाल, विभाग, भट्टी, लॅडल, महिना, तारीख. सहाही दारं त्यांनी बरोबर उघडली आणि मी त्यांना कोरं पान दाखवलं. त्यांनी लॅडलमध्ये डोकावून पाहिलं. भट्टीच्या धगीनं लेप वरून सुकल्यासारखा दिसत होता. नोंद नाही, म्हणजे सुकवून झाली, असं त्यांनी धरलं. शब्द माझ्या पोटात होते, अगदी वरच होते, आणि मी गप्प राहिलो.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. आवाज एकच झाला. रस छतापर्यंत उडाला. केरबांच्या डोळ्यांवर चष्मा होता, पण त्यानं काही अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माझ्याभोवती जमले. साहेबांनी लॅडलचं पान उघडलं, ते कोरं. मिस्त्री न लिहिताच निघून गेले, असं कुणीतरी म्हणालं आणि दुपारपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. मिस्त्री आले तेव्हा कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांना नातू झाला होता. पेढ्यांचा पुडा त्यांच्या पिशवीतच राहिला. त्यांनी करंगळीनं वरची ओळ उघडली आणि मला साहेबांपुढं धरलं. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि ते खाली बसले.

संध्याकाळी दोघं मला घेऊन दवाखान्यात गेले. केरबांचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलं होतं. दोन्ही डोळे गेले होते. त्यांची बायको, शालनवहिनी, उशाशी बसली होती. मिस्त्री खाटेजवळ उभे राहिले.

"लिवलं हुतं रं मी, केरबा. ह्यात हाय बग."

बग म्हणाले आणि त्यांची जीभ अडखळली. केरबांनी वाचून दाखवायला सांगितलं. मिस्त्रींनी त्या तीन ओळी वाचल्या. केरबांनी विचारलं, हे कुठं लिहिलं होतं, मला तर काही गावलं नाही. मिस्त्री म्हणाले, श्रीच्या पानावर, सगळ्यांच्या वर.

केरबा अगदी हळू, रागाचा लवलेशही न ठेवता म्हणाले, "त्याला मळका हात लावायचा न्हाई, हे तुमीच सांगितलंसा की आमास्नी."

दारात उभे असलेले साहेब पुढं आले. ती दारं मी लावली, मिस्त्रींचा काही दोष नाही, असं ते सांगू लागले. शालनवहिनींनी पदरानं माझी काच पुसली आणि मला परत साहेबांच्या हातात दिलं.

त्यानंतर मला खांबावरून काढलं. पुन्हा कागदी रजिस्टर आलं आणि लॅडलवर खडूच्या फुल्या आल्या. नवं रजिस्टर आणलं त्या दिवशी मी स्टोअरच्या टेबलावर होतो, म्हणून मला दिसलं. सगळे मिस्त्रींनी श्री लिहायची वाट बघत होते. मिस्त्रींनी पहिलं पान उघडलं आणि त्यावर सरळ लॅडलचे नंबर मांडले. कोणती ओली, कोणती सुकी. कुणीतरी दबकत विचारलं, मिस्त्री, श्री?

"त्यो मागच्या पानावर बसंल," मिस्त्री म्हणाले. "हितं फुडच्या शिफ्टचा माणूस बसतोय."

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. केरबांच्या अंगणात रोज संध्याकाळी जाऊन बसतात, असं स्टोअरमध्ये बोलणाऱ्यांकडून ऐकलं.

मला चार्जिंगला लावायला येतात ते पृथ्वीराजसाहेब. त्यांनी माझी मांडणी शेवटची एकदा बदलली. रंगीत चौकोन काढले, सगळी दारं काढली, अक्षरं मोठी केली. शेवटचं लिहिलेलं पानच आधी समोर यावं, हेच तर मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मागितलं होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी ना कुणासाठी काहीतरी मांडाल. कपाट असेल, दप्तर असेल, माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. ते सुंदर दिसतं का, हे नंतर बघा. ज्याला ते घाईत, घामेजल्या हातानं उघडायचं आहे, त्याला आधी शेजारी बसवून घ्या आणि त्याचं बोट कुठं जातं ते बघा. तो एकदा म्हणाला की जमत नाही, तर त्याला सवयीवर सोडू नका. आमच्याकडं तेवढंच झालं असतं तर केरबांनी आज स्वतःच्या डोळ्यांनी घर पाहिलं असतं.

आता मला कुणीही चालू केलं की एकही दार न उघडता ते श्रीचं पान समोर येतं. कपाटाच्या अंधारात तेवढाच उजेड पडतो. तीन नंबर लॅडल ओली आहे. तिच्यात रस घेऊ नये.