फ्यूज कुणाच्या खिशात

निमगाव केतकीचा कचरू वायरमन वीज बोर्डातून रिटायर झाला, पण त्याचा टेस्टर काही रिटायर झाला नाही. सदरा बदलला की तो या खिशातून त्या खिशात जायचा. लग्नाच्या पंगतीत बसला तरी खिशातून त्याचं लाल डोकं वर आलेलं दिसायचं. भागुबाई म्हणायची, "सरणावर ठिवताना आधी ह्यास्नी टेस्टर लावून बगा, न्हायतर उठून बसतील." कचरू हसायचा. बायकोनं चारचौघांत खेचलेली त्याला आवडायची.

त्या वर्षी त्यांच्या घरात एक नवलच घडत होतं. धाकटा समाधान बारामतीला आयटीआय करून, मग मुंबईला धक्के खाऊन, सिंगापूरहून सुटणाऱ्या एका सफरीच्या बोटीवर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागला होता. माल वाहणारी बोट नव्हे. माणसं नुसती हिंडायला बसतात, खातात, पितात आणि निघाल्या जागी परत येऊन उतरतात, असली बोट. कचरूला आधी हे पटलंच नाही. "कुटं जायाचंच न्हाय तर बसायचं कशाला?" असं तो सगळ्यांना विचारत हिंडला. पण कंपनी कामगारांच्या आईबापांना सवलतीत सफर घडवते, आणि समाधान रजेवर आलाय तो जाताना दोघांना घेऊनच जाणार, हे ठरल्यावर त्याचा सूर बदलला. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो आपणहून सांगायला लागला.

भागुबाईला बोटीचं, सिंगापूरचं काही नव्हतं. तिला एकच पाहिजे होतं. "तितली लोकं तुला काय म्हणून हाका मारत्यात, ते मला माज्या कानानं ऐकायचंय," ती पोराला म्हणाली. पोरगा परमुलखात, कुणी त्याला नीट बोलावतं की खेकसतं, हे तिच्या मनात सलत होतं. पत्रात सगळी पोरं बरं आहे असंच लिहितात, त्याला काय अर्थ?

आणि कान तर तिचे गेलेले. एका तापानंतर हळूहळू ऐकू येईनासं झालं. बारामतीच्या एका शिबिरात तिला मशीन मिळालं होतं. गळ्यात अडकवायची छोटी डबी आणि कानात बोंडूक. बॅटरी डबीच्या पोटातच. सेल बदलायची सोयच नाही, रात्री चार्जरला लावायचं आणि सकाळी काढायचं. एखाद्या रात्री वीज नसली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भागुबाईचं जग बंद. मग ती कुणाशी बोलायची नाही, नुसती भांडी घासत बसायची. बोटीवर मशीन चार्ज झालं नाही तर सगळी सफर पाण्यात, हे तिघांनाही कळत होतं.

"तितं खोलीत एकच प्लग हाय, आरशापाशी," समाधाननं सांगितलं. "भोकं चपटी. आपली गोल पिन बसत न्हाय. पण तुमी काळजी करू नका. रोज रात्री आईचं मशीन मी घिऊन जातो, वर्कशॉपात लावतो, सकाळी आणून देतो. माज्या साहेबाला मी इचारून ठिवलंय."

झालं. कचरूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तालुक्यातल्या निम्म्या गावांत ज्याच्या हातून दिवे लागले, वस्तीवरच्या विहारात पहिला बल्ब ज्यानं शिडीवर चढून लावला, त्यानं आपल्या बायकोचं मशीन चार्जिंगला पोराकडे द्यायचं? ते पण साहेबाला विचारून?

"तू तुजी नोकरी कर," तो म्हणाला. "खोलीतलं मी बगतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो बारामतीला गेला. भिगवण रस्त्याच्या एका दुकानातून लाकडी पेटी, तीन सॉकेट, एक बटण, एक होल्डर आणि लांबलचक वायर आणली. दुकानदारानं त्याला सगळ्या देशांत चालणारी पिन दाखवली. कचरूनं ती उलटीसुलटी करून परत ठेवली. "काडीपेटी हाय की घरात," असं तो दुकानदाराला म्हणाला.

आता हे काडीपेटीचं सांगायलाच पाहिजे. आपल्याकडं पिन तुटली म्हणून कुणाचा रेडिओ थांबत नाही. वायरची दोन टोकं सोलायची, सॉकेटच्या दोन भोकांत घालायची आणि वरून आगकाडी दाबून घट्ट करायची. गिरणीवाला तसंच करतो, मांडववाला तसंच करतो, आणि ज्यांनी हे करू नका म्हणून सांगायचं ते वायरमन तर घरी हमखास तसंच करतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळपर्यंत बोर्ड तयार झाला. देखणा झाला होता, खोटं कशाला बोला. वर एक बल्ब, बटण चालू केलं की पेटणारा. एका सॉकेटमध्ये भागुबाईचं मशीन, दुसऱ्यात कचरूची चार्जिंगची बॅटरी, आणि तिसऱ्यात पाणी तापवायचा रॉड.

"रॉड?" समाधाननं विचारलं.

"आंगूळ करायची न्हाय व्हय आट दिवस?"

"दादा, तितं नळालाच गरम पाणी येतं."

"यिवू दे. आपलं आपल्याजवळ आसावं."

समाधान उकिडवा बसला आणि बापाला समजावून सांगायला लागला. बोट म्हणजे लोखंडाची पेटी. खाली लोखंड, बाजूला लोखंड, वर लोखंड. आपल्या घरात एक तार फेजची आणि एक न्यूट्रल. त्याच्या बोटीवर तसं नाही. "तितं टेस्टर दोनी भोकांत पेटतो, दादा. दोनी तारा जित्या. तुमचं बटण एकीलाच तोडणार, दुसरी जितीच ऱ्हाणार. म्हणून घरचा बोर्ड आणूच देत न्हाईत. बॅगा तपासत्यात. आन् कुणाच्या खोलीत गावला तर तो काढून आणायला पाठवत्यात मला. उद्या तुमच्याच खोलीत गावला म्हंजे?"

"पोराचा बाप हाय म्हणून सांगू."

"मग पोरगाच घरी येईल," समाधान म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. "माज्या भरवशावर त्यांनी तुमाला बोलावलंय. बोर्ड येणार आसंल तर मी तुमाला नेत न्हाय. आईला तुमीच सांगा."

एवढं बोलून तो हातपाय धुवायला मोरीवर गेला. कचरू एकटाच पेटीकडं बघत बसला. टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, हे त्याला पटेना. असं कुठं असतं का? पोरगं चार दिवस बोटीवर राहिलं आणि बापाला शिकवायला लागलं, हे मात्र त्याला लगेच पटलं. आधी बोर्ड चालवून दाखवू, मग बघू काय बोलतोय ते, असं त्यानं ठरवलं.

बाहेरच्या खोलीत भिंतीला एक सॉकेट होतं. त्याच्या खाली भागुबाईची पत्र्याची ट्रंक, सफरीसाठी भरून कड्या लावून ठेवलेली. तिनं नुकतीच फरशी पुसली होती, ओल अजून वाळली नव्हती. कचरूनं बोर्ड खिळ्याला टांगला, वायरची दोन टोकं सॉकेटात घातली, दोन काड्या दाबल्या. बोर्डाचा बल्ब पेटला. भागुबाईनं गळ्यातलं मशीन काढून चार्जरला लावलं आणि ट्रंकेवर ठेवलं. काम चोख झालं म्हणून ती नवऱ्याकडं बघून हसली. मग पाठ करून चादरींच्या घड्या घालायला बसली. कानात आता काही नव्हतं.

"समाधान, ये बग," असं म्हणत कचरू दाराकडं वळला, आणि त्याचा पाय लोंबत्या वायरीत अडकला.

एक काडी निसटली. एक टोक सॉकेटातून सुटलं आणि ट्रंकेच्या कडीवर जाऊन पडलं. बोर्डावरचा बल्ब विझला.

बल्ब विझला की करंट गेला, असं सगळं जग समजतं. पण सुटलं होतं ते न्यूट्रलचं टोक. फेज जागच्या जागी होती, आणि ती बल्बातून, चार्जरातून फिरून त्या उघड्या टोकापर्यंत येऊन उभी होती. ट्रंक जिती झाली होती. हे कचरूला एका क्षणात दिसलं, कारण अशानंच मेलेली माणसं त्यानं उचलली होती.

बल्ब गेलेला भागुबाईला समोरच्या भिंतीवरचा उजेड कमी झाल्यानं कळला. बोर्ड बंद पडला, मशीन काढून ठेवावं, म्हणून ती उठली.

"भागू, हात लावू नगं," कचरू ओरडला.

तिच्या कानात मशीन नव्हतं. मशीन ट्रंकेवर होतं. ती ओल्या फरशीवरून अनवाणी ट्रंकेकडं निघाली.

कचरू तिच्याकडं धावला नाही. तिथवर पोचणं शक्य नव्हतं, आणि पोचला असता तरी दोघंही चिकटले असते. तो उलट्या बाजूला, पडवीतल्या मीटरकडं झेपावला आणि पांढरा फ्यूज हिसकून काढला. काम करत असल्यासारखा त्याचा हात आपोआप गेला. घर अंधारलं, आणि त्याच अंधारात भागुबाईनं ट्रंकेवर हात टेकला.

काही झालं नाही. तिनं मशीन उचललं, तारेतून सोडवलं आणि पदरानं पुसलं.

कचरू पडवीतच खाली बसला. एवढं भय त्याला खांबावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं. समाधान मोरीवरून धावत आला. दारातून येणाऱ्या संधिप्रकाशात त्यानं सॉकेट बघितलं, लोंबती तार बघितली, ट्रंक बघितली. काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही.

भागुबाईनं मशीन कानात घातलं. थोडंफार चार्जिंग उरलेलं होतं. ती बाहेर आली, दोघांची तोंडं बघितली आणि ट्रंकेकडं मागं वळून बघितलं. वायरमनची बायको ती. तिलाही समजलं. ती नवऱ्याच्या शेजारी बसली.

"फ्यूज कुटं हाय?" तिनं विचारलं.

कचरूनं छातीवरच्या खिशावर हात ठेवला. टेस्टरच्या शेजारी फ्यूज होता. काढला कधी आणि खिशात घातला कधी, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

उभ्या नोकरीची ती सवय. खांबावर चढायचं तर आधी डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज आपल्या हातानं काढायचे आणि आपल्याच खिशात घालून चढायचं. खाली कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. सख्ख्या भावाच्या नाही, साहेबाच्या नाही. साहेब एकदा चिडला होता, माझ्यावर भरवसा नाही का म्हणून. कचरू खांबावरूनच म्हणाला होता, भरवसा हाय, पण वर मी हाय. पळसदेवकडच्या एका लाइनीवर त्याचा जोडीदार बिरदेव फ्यूज काढून डीपीतच टेकवून चढला होता. कुणीतरी शेतातली मोटर बंद पडली म्हणून ते परत बसवले, आणि बिरदेव जिवंत खाली आला नाही. त्यानंतर तर कचरूनं ही सवय कधीच मोडली नाही.

हे सगळं भागुबाईनं शंभरदा ऐकलं होतं, कान असताना आणि गेल्यावरही.

"तुमी खांबावर आसताना फ्यूज कुणाच्या खिशात?" ती म्हणाली.

"माज्या."

"का?"

"वर मी आसायचो म्हणून."

"आन् बोटीवर खांबावर कोण हाय?"

कचरूनं समाधानकडं बघितलं. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, ओल्या हातांनी. त्याच्याही सदऱ्याच्या खिशात टेस्टर होता. कचरूला तो आजवर दिसला कसा नव्हता कुणास ठाऊक. बारीक, पिवळ्या डोक्याचा, तिकडचा असावा.

मग कचरू उठला. आत जाऊन त्यानं चाचपत बोर्ड खिळ्यावरून काढला, चार्जर तेवढा ट्रंकेवर काढून ठेवला आणि बोर्ड रॉडसकट माळ्यावर टाकून दिला. परत येऊन खिशातला फ्यूज काढला आणि समाधानच्या हातावर ठेवला.

"बसव तू," तो म्हणाला. "बोटीवर मशीन तुज्याकडं. तूच लावायचं, तूच काढायचं. मी हात लावत न्हाय."

समाधाननं आधी सॉकेटातली उरलेली काडी आणि तार उपटून काढली, मग फ्यूज बसवला. घरात उजेड आला. भागुबाई कानातलं बोंडूक दाबून दाबून बघत होती. मशीन नेमकं आत्ताच संपलं होतं.

"ह्ये काय म्हणालं?" तिनं पोराला विचारलं. "आत्ता काय म्हणालं ते?"

समाधाननं बापाकडं बोट केलं आणि हसत चार्जर उचलून भिंतीच्या सॉकेटात नीट लावला. कचरूची मोठी पंचाईत झाली. पोराला एकदा सांगायलाच त्याला किती जड गेलं होतं. पण भागुबाई त्याच्या तोंडाकडं बघत थांबली होती, आणि सांगितल्याशिवाय ती उठणार नव्हती. तो तिच्या कानाशी वाकला आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "फ्यूज पोराच्या खिशात दिला म्हणलं."

भागुबाईनं मान डोलवली. तिनं जरा विचार केला आणि मग समाधानला विचारलं, "म्हंजे तू रोज रातच्याला मशीन न्यायला येशील, आन् सकाळी द्यायला येशील?"

"व्हय."

ते तिला ओठांवरूनच कळलं. "मग बोर्ड न्हाय तेच बरं झालं," ती म्हणाली, आणि राहिलेल्या चादरींच्या घड्या घालायला आत गेली.